आमचूर, उचल आणि वजनकाटा

वाचकाचं पत्र (थोडं आटोपून):

«मी अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावरची. कृषी पदवी झाली, दोन वर्षं नाशिकला खासगी कंपनीत आहे, पगार २२ हजार. आमच्याकडे आई, मावशी, शेजारच्या बाया दर उन्हाळ्यात आमचूर (कैरीच्या वाळवलेल्या फोडी) करतात आणि व्यापारी तो मातीमोल भावात नेतो. मला नोकरी सोडून गावी यायचंय, सामाजिक उद्योग उभा करायचाय. विचार असा आहे: संस्था नोंदवायची, ३ लाखांचं पावडरचं मशीन घ्यायचं, आपला ब्रँड काढून ऑनलाइन विकायचं, बायांना व्यापाऱ्याच्या दुप्पट भाव द्यायचा. २०० बाया तयार आहेत. संस्था काढू की कंपनी? अनुदान कुठून मिळेल? नोकरी कधी सोडू? व्यापारी त्रास देतील का? ब्रँडसाठी तीन नावं पाठवतेय, त्यातलं कोणतं घेऊ?»

ताई,

तुमच्या पत्रात मशीन आहे, ब्रँड आहे, दुप्पट भाव आहे. 'उचल' हा शब्द मात्र कुठेच सापडला नाही. आमचुराचा भाव मे महिन्यात काट्यावर ठरतो असं वाटतं खरं, पण बऱ्याच घरांत तो दोन-तीन महिने आधीच ठरून गेलेला असतो, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आसपास. होळी तोंडावर असते. घरात कपडालत्ता लागतो, पाहुणे येणार असतात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं परतलेली असतात किंवा नसतात; परतली तरी मुकादमाचा हिशोब फिटलेला असेलच असं नाही. अशा वेळी दुकानदार दोन हजार रुपये हातावर ठेवतो आणि म्हणतो, आमचूर मलाच घाल. पुढे मे महिन्यात किलोमागे जे कमी मिळतं, त्यात या दोन हजारांचं व्याज असतं.

म्हणून व्यापाऱ्याला नावं ठेवण्याआधी तो किती कामं करतो ते मोजा. गरजेच्या वेळी पैसे देतो. एखादी बाई दोनच किलो घेऊन आली तरी घेतो. ओला, काळा, मातीचा, सगळा माल एका पोत्यात घेतो, कुणाला परत पाठवत नाही. पैसे रोख देतो. घाट उतरून माल शहाद्याला किंवा नंदुरबारला नेतो. भाव पडला तर माल धरून ठेवतो, बुडाला तर त्याचा बुडतो. रात्री पोर आजारी पडलं तर जीपभाड्याचे पैसेही त्याच्याचकडून येतात. या बदल्यात तो कडती (घटीच्या नावानं वजनातली वजावट) कापतो, काटा हलका ठेवतो, भाव पाडतो. हे सगळं खरंच आहे. पण त्याची सात कामं आणि तुमचं एकच, जास्त भाव, असा सामना झाला तर बाया दुप्पट भाव ऐकूनही त्याच्याकडेच जातील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

तेव्हा पहिलं काम वहीचं. पुढच्या सुट्टीत २० घरं फिरा. गेल्या वर्षी किती किलो झाला, कुणाला घातला, कोणत्या आठवड्यात, काय भाव लागला, पोत्यामागे किती कडती कापली, उचल किती होती, कधी घेतली, आणि शेवटी पैसे कुणाच्या हातात पडले. शेवटचा प्रश्न नवरा समोर नसताना विचारा. '२०० बाया तयार आहेत' याचा अर्थ २०० जणी सभेत 'हो' म्हणाल्या, एवढाच धरा. ज्यांच्यावर व्यापाऱ्याची उचल नाही किंवा अगदी थोडी आहे, अशा १५-२० जणी या वहीतून निघतील. पहिला हंगाम त्यांच्यापुरताच. बाकीच्या काट्याजवळ उभ्या राहून बघतील. बघू द्या.

व्यापाऱ्याच्या सात कामांपैकी पहिल्या वर्षी दोनच घ्या: खरा तोल आणि त्याच दिवशी रोख. इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापन शास्त्र विभागाकडून तपासून, मुद्रांकित करून घ्या. ५ किलोचं एक प्रमाणित वजन सोबत ठेवा आणि दर वेळी तोलायच्या आधी ते बायांनाच काट्यावर ठेवायला सांगा. आकडा त्यांना दिसेल असा काटा फिरवा. वाचता न येणाऱ्या बाईलाही ५ चा आकडा ओळखता येतो, आणि त्या एका आकड्यानं जेवढा विश्वास बसतो तेवढा दहा सभांनी बसत नाही. प्रत्येकीला छोटं पासबुक द्या: तारीख, किलो, प्रत (दर्जा), भाव, रक्कम, अंगठा. पैसे बँक खात्यात टाकायचा आग्रह सुरुवातीला नको. खातं तालुक्याच्या गावी धडगावला, पाडा डोंगरात, पैसे काढायला एक दिवसाची मजुरी आणि जीपभाडं जातं. जिनं माल आणला तिच्याच हातात रोख द्या, घरच्या दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. यावरून एक-दोन घरांत कुरबुर होईल, ती धरूनच चाला.

उचल तुम्ही स्वतः देऊ नका. दिलीत की दोन वर्षांत तुम्हीच सावकार व्हाल. वसुलीची वही तुमच्या हातात, आणि वसूल होत नाही म्हणून भाव कापायचा मोहही तुम्हालाच होणार. हे काम बचत गटाचं आहे. १५ जणींचा गट, महिना १०० रुपये बचत, १० महिन्यांत १५ हजार जमतात. होळीच्या आधी गटातून अंतर्गत कर्ज निघतं. गटानं सहा महिने बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब नीट ठेवला की बँकेकडे कर्ज मागता येतं. नाबार्डची ही गट-बँक जोडणी १९९२ पासून चालू आहे. पाड्यावर 'उमेद'चे (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे) गट असतील तर नवा गट काढू नका, आहे त्याचीच वही सुधारा.

आणखी एक गोष्ट यातच बसते. माल विकून जे उरेल त्यातला वाटा बायांना दिवाळीला वाटू नका, धरून ठेवा आणि भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात द्या. किलोला १५ रुपये म्हटले तरी ५० किलो घालणारीला ७५० मिळतात. त्यात गटाचं हजार-बाराशेचं कर्ज मिळालं की दुकानदाराच्या दोन हजारांची गरज बहुतेक भागते. धरलेली रक्कम गटाच्या खात्यात ठेवा, तुमच्या खात्यात नाही, आणि पासबुकात ती वेगळी लिहा.

आता दुप्पट भावाकडे येऊ. हिशोब समोर मांडतो. भाव उदाहरणापुरते आहेत, तुमच्या वहीतले आकडे घालून तो पुन्हा करा. २० बाया, प्रत्येकी ५० किलो, म्हणजे १,००० किलो वाळल्या फोडी. किलोला १५० प्रमाणे दीड लाख रोख गेले. बायांकडून येणाऱ्या मालात साधारण १४ टक्के ओल असेल आणि साठवायला ती ९ टक्क्यांवर आणायची असेल, तर पुन्हा उन्हात घातल्यावर १,००० किलोचे ९४५ उरतात. ५५ किलो पाणी तुम्ही १५० रुपये किलोनं विकत घेतलंत, म्हणजे ८,२५० रुपये वाफ होऊन गेले. माती, साल, काळ्या फोडी निवडून आणखी ३० किलो बाजूला पडल्या. हातात ९१५ किलो. निवडायला बाई दिवसाला ४० किलो निवडते असं धरलं तर २५ दिवसांची मजुरी, ३०० रुपयांप्रमाणे ७,५००. अस्तराची पोती १,७५०. वाहतूक ८,०००. चार महिने खोलीचं भाडं ८,०००. दीड लाखावर वर्षाला १२ टक्क्यांनी चार महिन्यांचं व्याज ६,०००. बेरीज १,८१,२५०, भागिले ९१५. म्हणजे १५० ला घेतलेला किलो तुम्हाला १९८ ला पडला, आणि यात तुमचा पगार अजून नाही. दुप्पट भावाचं वचन देण्याआधी हे बघा.

चार महिने १५ हजारांनी तुमचा पगार धरला तर ६० हजार. ९१५ किलोवर तो किलोमागे ६६ रुपये होतो. हाच पगार पाच पट मालावर १३ रुपये पडतो. नोकरी कधी सोडू, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. १ टनावर सोडू नका. पहिल्या हंगामाला एप्रिलच्या शेवटापासून सहा ते आठ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते का बघा. तिसऱ्या वर्षी माल ४-५ टनांवर गेला आणि तेवढ्याला लागणारं सात-साडेसात लाखांचं खेळतं भांडवल उभं राहिलं, तर राजीनाम्याचा विचार करा. घरचे नोकरी सोडू नको म्हणतात तेव्हा ते विरोधच करतात असं नाही. घरातला महिन्याचा तो एकच नक्की येणारा पैसा असू शकतो.

आणि हा खेळतं भांडवल प्रकार सर्वांत जास्त उद्योग बुडवतो. बायांना मे महिन्यात रोख द्यायची, गिऱ्हाईक मात्र ४५-६० दिवसांची उधारी मागतं. मधले दोन-तीन महिने पैसे कुणाचे? उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून ठेवा. २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं खरेदीदाराला बंधनकारक आहे. पण कायदा दाखवून वसुली करायची वेळ आली की ते गिऱ्हाईक गेलं असंच समजा. सुरुवातीला अर्धी रक्कम माल उचलताना देणाराच बघा, भाव दोन रुपये कमी असला तरी चालेल.

आमचूर करायचं आईला शिकवायला जाऊ नका, तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. भाव कुठे मार खातो तेवढंच एकत्र बसून बघा. १०० किलो कच्च्या कैऱ्यांची साल-कोय काढून ६० किलोच्या आसपास फोडी निघतात आणि त्या वाळून १० किलोच्या आत-बाहेर येतात. शेजारचा आधी तोडेल या भीतीनं कैरी लहान असताना उतरवली तर कोयीचा वाटा वाढतो आणि हातात त्याहून कमी पडतं. तोडणीचा दिवस पाड्यानं एकत्र बसून ठरवला तर एक पैसा न घालता उत्पन्न वाढेल. अशा गोष्टी गाव ठरवू शकतं, हे साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं जंगलाच्या बाबतीत दाखवलंय. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. एकदा बारीपाड्याला जाऊन या आणि नियम मोडणाऱ्याचं काय करता, हे आवर्जून विचारा.

फोडी काळ्या पडतात त्याची कारणं तीन. लोखंडी विळा-सुरी, कारण कैरीचं आम्ल आणि लोखंड भिडलं की डाग धरतोच. चिरून ठेवलेल्या फोडी वाळत घालायला उशीर, कारण हवा लागली की त्या सफरचंदासारख्या तांबूस होतात. आणि जाड-पातळ काप, कारण पातळ वाळते तेव्हा जाड आतून ओलीच असते आणि रात्रीत खराब होते. उपाय स्वस्त आहेत. स्टीलच्या सुऱ्या, अर्ध्या सेंटिमीटरच्या सारख्या फोडी, चिरल्या की लगेच उन्हात. खडकावर, अंगणात पसरण्याऐवजी बाजेवर किंवा बांबूच्या ताटीवर जाळी टाकून पसरा, जमिनीपासून दोन-अडीच फूट वर. एका चौरस मीटरवर ४-५ किलो ओल्या फोडी पुरे. म्हणजे १०० किलो कैरीला १२ ते १५ चौरस मीटर जागा. दुप्पट पसरल्या तर खालच्या फोडी वाळत नाहीत, नुसत्या उबतात. मेच्या उन्हात तीन-चार दिवस लागतात. संध्याकाळी गोळा करून झाका, कारण वळवाचा पाऊस सांगून येत नाही. पांढरेपणासाठी गंधकाची धुरी किंवा पावडर वापरू नका. तुमचा माल वेगळा म्हणून विकायचा आहे, आणि ते प्रमाण पाड्यावर सांभाळणं अवघड.

ओल ओळखायला धान्याचं ओलावामापक यंत्र उपयोगी नाही, फोडीवर ते चुकीचं दाखवतं. फोड वाकवा: कट्कन मोडली तर कोरडी, दुमडली तर ओली. शंका असेल तर मूठभर फोडी कोरड्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि बरणी तास-दोन तास उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर माल परत उन्हात. ही परीक्षा काट्याशेजारी, बाईच्या समोर करा. तीन प्रती ठरवा, तीन भाव फळ्यावर लिहा. ओला माल नाकारू नका, कमी भावानं घ्या किंवा तिलाच एक दिवस वाळवून आणायला सांगा. भरताना मात्र फोडी पूर्ण गार झाल्याशिवाय पोत्यात भरू नका. गरम भरल्या की अस्तराला आतून घाम सुटतो आणि आषाढात पोतं उघडाल तेव्हा बुरशीचा वास येईल. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब.

मशीनचं बोलायचं तर पहिल्या दोन वर्षांत नकोच. आमचुराची पावडर पावसाळ्यात ओल ओढते आणि तिचा गठ्ठा होतो. शिवाय मसालेवाले फोडीच मागतात, कारण पावडरमध्ये काय मिसळलंय ते दिसत नाही. किरकोळ पाकिटं करून बघायचीच असतील तर ऑर्डर आल्यावर ५-१० किलो दुसऱ्याच्या स्टीलच्या चक्कीवर दळून घ्या. ३ लाखांचं मशीन वर्षातले दहा महिने झाकून राहील, हप्ता मात्र बारा महिने येईल. त्यापेक्षा ताट्या, जाळ्या, स्टीलच्या सुऱ्या आणि काटा घ्या.

संस्था की कंपनी? पहिल्या हंगामाला दोन्ही नको. गटाच्या किंवा तुमच्या स्वतःच्या नावानं व्यवसाय, अन्नसुरक्षा खात्याची छोट्या उद्योगासाठीची साधी नोंदणी, वेगळं बँक खातं, एवढ्यावर भागतं. नंतर बायाच मालक व्हाव्यात असं मनापासून असेल तर उत्पादक कंपनी. तिला किमान १० उत्पादक सभासद आणि ५ संचालक लागतात, आणि शेअर कितीही असले तरी सभासदाला एकच मत. कलम ८ ची (ना-नफा) कंपनी किंवा न्यास काढलात तर देणग्या, कंपन्यांचा सामाजिक निधी मिळायची वाट उघडते, पण नफा सभासदांना वाटता येत नाही, आणि तुमचा सगळा बेतच वाटणीवर उभा आहे. काहीही काढा, लेखापरीक्षण आणि वार्षिक विवरणपत्रांचा खर्च उलाढाल शून्य असली तरी येतो. खान्देशात कागदावर जिवंत असलेल्या उत्पादक कंपन्या कमी नाहीत. त्यांत तुमची भर नको.

अनुदान घ्यावं, पण कशासाठी ते बघून. वाळवणीची साधनं, शेड, प्रशिक्षण, प्रयोगशाळेची तपासणी, यासाठी जरूर घ्या. वन धन विकास केंद्र (आदिवासी गटांना वनोपजावर प्रक्रिया करायला मदत देणारी केंद्राची योजना), किंवा २०२० मध्ये सुरू झालेली केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, जिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान आणि गटांना सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद होती, यांतलं आज काय चालू आहे याची चौकशी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि कृषी खात्यात करा. पण मालाचा भाव आणि तुमचा पगार अनुदानातून काढू नका. अनुदान संपलं की भाव खाली येतो, आणि बायांना ते फसवणुकीसारखंच वाटतं. लिज्जत पापड १९५९ साली गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला. उसने घेतलेले पैसे परत करायचे असतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून हिशोब लागतो.

व्यापारी त्रास देतील का? पहिली चाल बहुधा अशी असेल की तुमच्या पाड्यावर तो एकदम किलोला दहा रुपये वाढवेल. त्याच्याशी स्पर्धा करत भाव चढवू नका. ज्या बाईला तिकडे जास्त मिळतंय तिला जाऊ द्या, आणि तो वाढीव भाव वहीत लिहून ठेवा. तुम्ही काटा मांडल्यामुळे पाड्यावरच्या सगळ्यांचाच भाव वाढला, तर तुमचं निम्मं काम झालं, माल तुमच्याकडे आला नाही तरी. एखादा जुनी उचल लगेच परत मागेल. म्हणूनच सुरुवात उचल नसलेल्या घरांपासून. आणि तुम्हाला आवडणार नाही अशी एक गोष्ट: पहिल्या वर्षी तुमचं गिऱ्हाईक तोच व्यापारी असू शकतो. निवडलेला, कोरडा, प्रतवार केलेला टनभर माल त्यालाही हवाच असतो. त्याच्याशिवाय नंदुरबार, जळगाव, इंदूरकडच्या दहा मसालेवाल्यांना तीन प्रतींचे पाव-पाव किलोचे नमुने पाठवा. प्रत्येक नमुन्याची जुळी पिशवी सीलबंद करून स्वतःकडे ठेवा. 'नमुना वेगळा होता, माल वेगळा आला' हे भांडण हमखास होतं, तेव्हा ती पिशवीच कामी येते.

बदल झाला की नाही हे सांगायला वर्षअखेर तीन आकडे काढा: त्याच दिवशीच्या व्यापारी भावापेक्षा किलोमागे किती जास्त हातात पडले, दुसऱ्या वर्षी किती जणी परत आल्या, आणि पुढच्या होळीला किती जणींनी दुकानदाराची उचल घेतली नाही. देणगीदारांना फोटो आवडतात, तेही काढा. बठ्ठं (सगळं) एकाच वर्षी करू नका, असं अहिराणीतला कुणीही शहाणा माणूस सांगेल.

ब्रँडची तीनही नावं चांगली आहेत, तूर्त एकही वापरू नका. पोत्यावर पाड्याचं नाव, बाईचा पासबुक क्रमांक, प्रत आणि भरल्याची तारीख मार्करनं लिहा. एखादं पोतं खराब निघालं तर ते कुणाचं, कधीचं, एवढं त्यावरून कळेल.